विश्लेषण : अंबा, शिखंडी ते ‘जोगवा’… लिंगबदलाची गोष्ट मराठीत कोण सांगतो?

मोबाइलवर मराठी कथामालिका वाचणाऱ्यांना पुनर्जन्म नवा नाही. अपुरे राहिलेले प्रेम, मागच्या जन्मीचा सूड, अंगावरची खूण पाहून पटलेली ओळख हे सगळे ओळखीचे आहे. याच साच्यात आणखी एक कथा लिहिता येते. माणूस पुन्हा जन्मतो, पण वेगळ्या देहात; किंवा याच जन्मात त्याचा देह बदलतो आणि आजूबाजूचे लोक त्याला जुन्याच नावाने हाक मारत राहतात. ओळख, पुनर्जन्म आणि पूर्वग्रह एकत्र आणणारी ही कथा परदेशातून आलेली वाटते. प्रत्यक्षात इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावात बसून ती लिहायला घेतली, तरी सामग्री आसपासच सापडते. कीर्तनातला शिखंडी, तालुक्यातून जाणारी तुकोबांची पालखी, यात्रेतले जोगती, फडावरचा नाच्या आणि नीरा नदीपलीकडचे तरंगफळ गाव. या गोष्टी आजवर कोणी सांगितल्या, कशा सांगितल्या आणि आज लिहिणाऱ्याने काय पाहावे, याचा हा आढावा.

ही कथा किती जुनी?

चंद्रवंशाची सुरुवातच अशा कथेने होते. शंकर-पार्वतीच्या वनात शिरलेला राजा स्त्री होतो, तिचे नाव इला. काही कथांत तो एक महिना पुरुष आणि एक महिना स्त्री असतो. इला आणि बुध यांचा मुलगा पुरूरवा, आणि त्याच वंशात पुढे कौरव-पांडव. अर्जुन अज्ञातवासाचे वर्ष विराटाच्या दरबारात बृहन्नडा म्हणून काढतो. विष्णू मोहिनी होतो. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशात मोहिनीराजाचे मंदिर आहे. देव स्त्रीरूपातला आणि नावात ‘राज’, हे भाविकांना कधी खटकले नाही.

देवादिकांच्या आणि राजांच्या बाबतीत समाजाने हा बदल सहज मान्य केला. त्याला शाप, वर किंवा लीला असे कारण असते आणि बहुतेक वेळा मुदतही असते. बृहन्नडेचे वर्ष संपते, अर्जुन गांडीव हाती घेतो आणि प्रश्न मिटतो. शिखंडीच्या बाबतीत तो मिटत नाही. म्हणून या विषयावर लिहिणाऱ्यासाठी शिखंडीची कथा सर्वांत महत्त्वाची ठरते.

शिखंडीची कथा नेमकी काय आहे?

भीष्माने काशिराजाच्या तीन मुली भावासाठी स्वयंवरातून पळवून आणल्या. थोरली अंबा. तिने मनाने शाल्व राजाला वरले होते. हे कळताच भीष्माने तिला जाऊ दिले, पण दुसऱ्याने जिंकून नेलेली म्हणून शाल्वाने तिला नाकारले. भीष्म ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेने बांधलेला. परशुरामाने तिच्यासाठी भीष्माशी युद्ध केले, तरी निकाल लागला नाही. अखेर अंबेने तप केले. पुढच्या जन्मी पुरुष होऊन तू भीष्माच्या मृत्यूला कारण होशील, असा वर शंकराने दिला आणि तिने अग्निप्रवेश केला.

पुढचा जन्म द्रुपदाच्या घरी, पण मुलगी म्हणूनच. राणीने मुलगा झाल्याचे जाहीर केले. मूल मुलासारखे वाढले, शस्त्रविद्या शिकले. दशार्ण देशाच्या हिरण्यवर्मा राजाच्या मुलीशी लग्नही लावले गेले. नववधूला खरे कळले आणि फसवणूक झाली म्हणून हिरण्यवर्मा सैन्य घेऊन निघाला. आपल्यामुळे आईवडिलांवर संकट आले, या विचाराने शिखंडिनी मरण्यासाठी वनात गेली. तिथे स्थूणाकर्ण यक्षाने आपले पुरुषत्व तिला काही काळापुरते दिले आणि तिचे स्त्रीत्व स्वतःकडे घेतले. शिखंडिनीचा शिखंडी झाला. हिरण्यवर्म्याने खात्री करून घेण्यासाठी स्त्रिया पाठवल्या, त्यांची खात्री पटली आणि युद्ध टळले. कुबेराला मात्र यक्षाचे वागणे आवडले नाही. शिखंडी जिवंत असेपर्यंत तू स्त्रीच राहशील, असा शाप त्याने यक्षाला दिला. त्यामुळे शिखंडीचा बदल कायम झाला.

ऐकीव कथेत यातला मधला भाग बहुधा गळतो. ‘शिखंडीला पुढे करून भीष्माला पाडले’ एवढेच उरते आणि ‘शिखंडी’ हा शब्द टोमण्यासारखा वापरला जातो. मूळ कथेत आईवडिलांची लपवाछपवी आहे, अडनिड्या वयात लावलेले लग्न आहे, बायकोचा धक्का आहे, घराच्या अब्रूसाठी जीव द्यायला निघालेले मूल आहे. आजच्या कोणत्याही खेड्यातल्या घरात हे घडू शकते.

भीष्माचा नकार का महत्त्वाचा?

हा सगळा वृत्तान्त महाभारताच्या उद्योगपर्वात येतो आणि तो सांगतो खुद्द भीष्म. शिखंडीला तू का मारणार नाहीस, असे दुर्योधन विचारतो, त्याचे हे उत्तर आहे. स्त्रीवर, पूर्वी स्त्री असलेल्यावर, स्त्रीचे नाव किंवा रूप असलेल्यावर आपण बाण सोडत नाही, असे भीष्म सांगतो. म्हणजे शिखंडीचा देह बदलला, लग्न टिकले, तो पांडवांच्या बाजूने रथी म्हणून लढायला उभा राहिला, तरी भीष्माच्या लेखी तो ‘पूर्वी स्त्री असलेला’च राहिला. युद्धाच्या दहाव्या दिवशी अर्जुनाने याच नकाराचा फायदा घेतला आणि भीष्म पडला.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, या कथेत देह बदलणे हा अवघड भाग नाही. ते काम यक्ष एका प्रसंगात करतो. अवघड आहे ते इतरांनी मान्य करणे. दोन, शिखंडीची कथा आपल्यापर्यंत त्याच्या शत्रूच्या तोंडून येते. हिरण्यवर्म्याने पाठवलेल्या स्त्रिया समोर उभ्या राहिल्या तेव्हा शिखंडीला काय वाटले, अंबेचे दुःख त्याला आठवत होते का, बायकोशी पुढे त्याचे कसे जमले, हे भीष्म सांगत नाही. त्याला त्याची गरजही नव्हती.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. त्यानंतर १९६७ मध्ये इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आले. त्यांनी भीष्माच्या त्यागाकडे आदराने पाहिले, तसेच त्या त्यागापायी कोणाकोणाच्या आयुष्याची फरफट झाली, हेही विचारले. भीष्माची बाजू सोडून कथेकडे पाहता येते, हे मराठी वाचकाला त्यातून दिसले. शिखंडीच्या बाजूने पाहण्याचे काम पुढच्या लेखकांसाठी मोकळे आहे.

पुनर्जन्माची कल्पना मदत करते की अडवते?

दोन्ही. पुनर्जन्माने लेखकाला मोठी सोय मिळते. एकाच जिवाला दोन देह, दोन घरे, दोन काळ देता येतात आणि देहापलीकडे उरतो तो कोण, हा प्रश्न वाचकाला परक्या शब्दांवाचून कळतो. मराठीत याचे जुने आणि खरे उदाहरण आहे. वैजापूर तालुक्यातील शिऊरच्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी आपले आत्मचरित्र अभंगांत सांगितले आणि अखेरच्या काळात मुलाला, विठोबाला, आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकिगत सांगितली. ब्राह्मण घरातल्या या बाईने तुकोबांना गुरू मानले, त्याबद्दल नवऱ्याचा मार सोसला. स्त्रीदेहामुळे वेदांचे दार बंद असल्याची खंतही त्यांनी उघड मांडली. देह आणि आतला जीव यांच्यातला ताण त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवला. ज्या तुकोबांसाठी त्यांनी हे सोसले, त्यांची पालखी दर आषाढी वारीत बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते.

पण हीच कल्पना उलटीही फिरते. ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे वाक्य तृतीयपंथी व्यक्तीला आणि तिच्या आईला गावोगाव ऐकावे लागते. देह हा पापाचा हिशेब मानला की, छळ करणाऱ्याला काही वाटेनासे होते. कथेत पुनर्जन्म आणताना लेखक नकळत हाच हिशेब मांडतो का, हे पाहावे लागते. आधीच्या जन्मी बायकांना छळणारा पुरुष शिक्षा म्हणून बाईच्या जन्माला येतो, हा लोकप्रिय साचा वरवर न्यायाचा वाटतो. त्यात बाई असणे हीच शिक्षा ठरते.

दुसरा धोका मरणाचा. अंबेला हवे ते मिळण्यासाठी आधी आगीत जावे लागले. ‘पुढच्या जन्मी तरी’ असे म्हणून पात्राला नदीकाठी किंवा रेल्वेरुळावर नेणाऱ्या कथा वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणतात. वाचणाऱ्यांत असाच एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याच्या हाती त्या कथेतून काय पडते, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारायला हवा.

रंगमंचावर चालते, मग घरात का नाही?

बालगंधर्व अर्थात नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांनी ‘मानापमान’मधली भामिनी आणि ‘एकच प्याला’मधली सिंधू उभी केली. त्यांचे नेसणे, दागिने, केशरचना यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. त्याच महाराष्ट्राने तमाशातल्या नाच्याची टिंगल केली. दोघेही स्त्रीरूप घेणारे पुरुष. एकाला मान मिळाला, दुसऱ्याला हसे.

आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा नायक गुणा हा पिळदार शरीराचा, राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणारा शेतमजूर आहे. फडाला नाच्या मिळेना म्हणून तो ती भूमिका घेतो आणि गाव, घर, राजकारण सगळे त्याच्यावर उलटते. रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ हा चित्रपट २०१० च्या पहिल्या दिवशी प्रदर्शित झाला आणि ही कथा घरोघर पोहोचली. गुणाची ओळख पुरुषाचीच आहे, फक्त भूमिका स्त्रैण आहे. तरीही समाज त्याला क्षमा करत नाही. वेष उतरवल्यावर प्रश्न मिटेल, असे गृहीत धरले जाते. गुणाच्या बाबतीत वेष उतरवूनही तो चिकटून राहतो.

‘जोगवा’ने काय दाखवले?

कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात सौंदत्तीच्या यल्लम्माला मुले-मुली सोडण्याची प्रथा होती. केसात जट आली की तो देवीचा कौल मानला जाई. मुलगी जोगतीण होई. मुलग्याला लुगडे नेसवून, गळ्यात दर्शन बांधून जोगता केले जाई. डोक्यावर देवीचा जग, हातात चौंडकं आणि दारोदार जोगवा, असे त्याचे पुढचे आयुष्य असे. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत हे जग आतून लिहिले. त्यांवर आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेवर आधारलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ २००९ मध्ये आला. त्यातल्या तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तायप्पा शिखंडीच्या बरोबर उलट टोकाला आहे. शिखंडीला पुरुष म्हणून जगायचे आहे आणि भीष्म मानत नाही. तायप्पा स्वतःला पुरुष मानतो आणि गाव त्याला लुगडे नेसवते. दोन्ही ठिकाणी निर्णय दुसऱ्याचा आहे. या विषयावरच्या कथेचा गाभा इथे सापडतो. साडी किंवा सदरा कोणता, यापेक्षा तो कोणाच्या मर्जीने अंगावर आला, हे महत्त्वाचे ठरते. काही जोगत्यांना त्या वेषातच मोकळेपणा मिळतो, काहींना तो लादलेला वाटतो. दोन्ही खरे असू शकते आणि कथेत दोघांनाही जागा हवी.

देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने २००५ मध्ये. कायद्यानंतरही ज्यांची आयुष्ये त्या प्रथेत गेली होती, त्यांचे काय, हा प्रश्न गवसांच्या लेखनाने जिवंत ठेवला.

स्वतःची गोष्ट स्वतः कधी सांगितली गेली?

‘नटरंग’ आणि ‘जोगवा’ यांचे लेखक बाहेरून पाहणारे होते. सहृदय, अभ्यासू, तरी बाहेरचे. २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन आले. शब्दांकन वैशाली रोडे यांचे आहे. शिवीसारखा वापरला जाणारा शब्द लेखिकेने मुखपृष्ठावर स्वतःसाठी घेतला. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह त्यानंतरचा. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ ही कादंबरी समलिंगी तरुणाच्या नजरेतून लिहिली. विषय थोडा वेगळा असला, तरी आपले आपण लिहिण्याची वाट तिने रुंद केली.

या लेखनात शाप, वर, जट, कौल यांपैकी काही नाही. लहानपणी आरशासमोर वाटलेले, शाळेत ऐकलेले, घरातून निघताना आईने म्हटलेले असे तपशील आहेत. भीष्माने न सांगितलेला भाग तो हाच.

मराठी भाषा इथे काय करते?

इंग्रजीत एखादे पात्र पुरुषाचे स्त्री झाले, तर लेखकाला ‘ही’चे ‘शी’ करावे लागते, एवढेच. पात्र स्वतःबद्दल बोलते तेव्हा काहीच बदलत नाही. मराठीत तसे नाही. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’, ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांतून बोलणाऱ्याचे लिंग प्रत्येक वाक्यात कळते. त्यामुळे मराठी कथेत पात्र कोणत्या दिवशी, कोणासमोर पहिल्यांदा ‘गेले’ म्हणते, हीच मोठी घटना होऊ शकते. मैत्रिणीसमोर ‘आले’, बापासमोर ‘आलो’, अशी दुहेरी बोली अनेकांना रोज बोलावी लागते. गावात कोण ‘तो’ म्हणते, कोण ‘ती’, कोण मुद्दाम ‘ते’ म्हणून हसते आणि कोण आदराने ‘त्या’ म्हणते, यावरून पूर्वग्रहाचे सगळे थर दाखवता येतात. वेगळे भाषण लिहावे लागत नाही.

यातही प्रदेशाची गंमत आहे. कोल्हापूरकडे अनेक बायका सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिथे घडणाऱ्या कथेत क्रियापदाची ही युक्ती तशीच चालणार नाही. कथा बारामती-इंदापूरकडची असेल, तर तिथली बोली कानाने ऐकून लिहायला हवी.

वारकरी परंपरेने याचा एक वेगळा वापर केला. ज्ञानदेवांच्या विराण्यांत आणि अनेक संतांच्या गौळणींत पुरुष कवी ‘मी’ म्हणून स्त्रीच्या तोंडून बोलतो. विठ्ठल तर पुरुष देव असून ‘माउली’ आहे. त्यामुळे दिंडीत चालणाऱ्या मराठी वाचकाला हा आवाजबदल मुळीच परका नाही.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. या निकालात रामायण-महाभारतातील संदर्भांचाही उल्लेख आहे. २०१६ च्या विधेयकात जिल्हा पातळीवर छाननी समितीची तरतूद होती. त्यावर तीव्र आक्षेप घेतले गेले. हिरण्यवर्म्याने पाठवलेल्या स्त्रियांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार होता. संसदेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यातून ही समिती वगळली गेली. मात्र ओळख प्रमाणपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेनंतर सुधारित प्रमाणपत्र, अशी पद्धत त्या कायद्याने घातली. ‘नालसा’शी ती विसंगत असल्याची टीका झाली.

भीष्माचा प्रश्न महाराष्ट्रात निवडणूक कार्यालयातही विचारला गेला. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला प्रभागातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी असल्याचे सांगून तो फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, त्यांनी स्त्री ही ओळख निवडली असल्याने त्या या जागेवर लढू शकतात, असा निर्णय दिला. पुढे सोयीनुसार ओळख बदलता येणार नाही, असेही स्पष्ट केले. त्याच महिन्यात त्या निवडून आल्या.

इंदापूर तालुक्याच्या दक्षिणेला नीरा नदी, पलीकडे सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका. तिथल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये थेट निवडणुकीत ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केले. गाव त्यांना ‘माउली’ म्हणून ओळखत होते. राज्यातील पहिले तृतीयपंथी सरपंचपद म्हणून तेव्हा त्याची बातमी झाली.

इतर भाषांत ही कथा कशी येते?

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘ऑर्लँडो’ (१९२८) या इंग्रजी कादंबरीत नायक झोपेतून उठतो तो स्त्री होऊन. मरण नाही, पुनर्जन्म नाही. ऑर्लँडोला स्वतःत फारसा फरक वाटत नाही, पण घरी परतल्यावर मालमत्तेचे खटले उभे राहतात. मृत व्यक्तीला मालमत्ता ठेवता येत नाही आणि स्त्री असणेही जवळपास तसेच, असा वुल्फ यांचा बोचरा विनोद आहे.

राजस्थानचे विजयदान देथा यांच्या ‘दोहरी जिंदगी’त बापांच्या आधीच्या ठरावामुळे दोन मुलींचे एकमेकींशी लग्न लागते. त्यातली एक मुलगा म्हणून वाढवलेली असते. भुतांचा सरदार तिला खरोखर पुरुष करतो, आणि पुरुष झाल्याबरोबर तिच्या वागण्यात मालकी येते. ते पाहून ती पुन्हा स्त्री होणे पसंत करते. देह बदलला तर सत्तेचा वाटाही बदलतो, हे देथा लोककथेच्या सोप्या भाषेत सांगतात. शिखंडीच्या बायकोची बाजू कोणी लिहायची ठरवली, तर ही कथा आधी वाचावी.

आज अशी कथा लिहिताना काय पाहावे?

• शब्द : ‘पारलिंगी’ म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नाही अशी व्यक्ती. पारलिंगी पुरुषही असतात; शिखंडी त्यांच्या जवळचा आहे. ‘हिजडा’ हे गुरू-चेला परंपरा असलेल्या समुदायाचे नाव आहे, ‘जोगती’ ही वेगळी परंपरा. ‘समलिंगी’ हा शब्द आकर्षणाबद्दल आहे. ‘इंटरसेक्स’ व्यक्तीच्या शरीरातच जन्मतः वेगळेपण असते. या सगळ्या गोष्टी एकच समजून लिहिलेली कथा पहिल्याच भागात फसते.

• देहाची पाहणी : कपडे, अवयव, शस्त्रक्रिया यांच्या वर्णनात पाने गेली की वाचक हिरण्यवर्म्याने पाठवलेल्या स्त्रियांच्या जागी जाऊन बसतो. त्याऐवजी रेशन दुकान, शाळेचा दाखला, एसटीतली शेजारची जागा, लग्नपत्रिकेतले नाव इथे काय घडते, ते दाखवता येते.

• विरोधक : पूर्वग्रह दाखवण्यासाठी खलनायकच लागतो असे नाही. भीष्म दुष्ट नाही, तो नियम पाळणारा आहे. अर्ज फेटाळणारा अधिकारीही बहुधा तसाच असतो. प्रेम करणारी पण जुन्याच नावाने हाक मारणारी आजी कथेत अधिक खरी वाटते.

• खरी माणसे : गावातल्या एखाद्या व्यक्तीवरून कथा सुचली, तर नुसते नाव बदलून भागत नाही. लहान गावात घर, व्यवसाय, नातेवाईक यांवरून माणूस लगेच ओळखला जातो. तिने स्वतः न सांगितलेली गोष्ट उघड झाली, तर घर, काम आणि जीवही धोक्यात येऊ शकतो. परवानगी घ्यावी, नाहीतर पात्र पूर्णपणे नव्याने घडवावे.

• शेवट : शिखंडी युद्धानंतरच्या रात्री अश्वत्थाम्याच्या हातून मारला जातो. बहुतेक जुन्या कथांत अशा पात्राला म्हातारपण मिळत नाही. तरंगफळ आणि भादली इथल्या निवडणुका मात्र याच जन्मात झाल्या आणि निवडून आलेल्यांपुढे नंतर पाणी, रस्ते आणि ग्रामसभेचे रोजचे काम होते. तिथपर्यंत पोहोचणाऱ्या मराठी कथा अजून फार थोड्या आहेत.